नगरहून निघताना : कोणतं प्राणिसंग्रहालय पाहावं, कसं पाहावं

सुट्टी लागली की घरात मुलांची मागणी ठरलेली असते, प्राणी पाहायला जायचं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सांगण्यासारखं मोठं प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे ही मागणी पुण्या-मुंबईच्या फेरीला, गिरनार-तिरुपतीच्या यात्रेला किंवा हल्ली सिंगापूर-दुबईच्या सहलीला जोडली जाते. मग दुपारी बाराच्या उन्हात दोन तासांत सगळे पिंजरे पायाखाली घालून मंडळी बाहेर पडतात. वाघ झोपलेला असतो, मूल कंटाळलेलं असतं आणि घरी आल्यावर लक्षात राहतं ते फक्त आइस्क्रीम. असा दिवस वाया जाऊ नये म्हणून हा लेख. कुठे जावं हे तर सांगायचंच आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणता प्राणी डोळे भरून पाहायचा हे घरातून ठरवूनच निघावं.

नगर जिल्ह्यातल्या कुटुंबाने पहिला मान द्यावा बिबट्याला. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठचा ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. बिबट्याला त्यात आडोसा मिळतो, जवळ पाणी असतं आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या मिळतात. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या शेतशिवारात १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या खाण्याचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा त्यातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. म्हणजे अकोले, संगमनेर, राहाता, राहुरीकडची आपली मुलं बिबट्याच्या शेजारीच वाढतात. पण त्यांनी तो पाहिलेला असतो वनखात्याच्या पिंजऱ्यात गुरगुरताना, नाहीतर मोबाइलवरच्या हलत्या, अंधाऱ्या चित्रफितीत. हल्ले होतात, माणसं दगावतात, त्या घरांचं दुःख फार मोठं आहे. म्हणूनच या प्राण्याची नीट ओळख आपल्या मुलांना असायला हवी. भेदरलेल्या डोळ्यांनी ती होत नाही. प्राणिसंग्रहालयात, काचेच्या किंवा खंदकाच्या अलीकडे निवांत उभं राहून ती होऊ शकते.

काय पाहायचं? आधी आकार. नर बिबट्या साधारण ५० ते ७० किलोंचा असतो आणि मादी त्याहून बरीच हलकी. वाघाचा नर २०० किलोंच्या आसपास जातो. दोन्ही एकाच फेरीत पाहिले की गावातल्या गप्पांमधला म्हशीएवढा बिबट्या मुलांच्या मनातून उतरतो. मग अंगावरचे ठिपके पाहा. ते भरीव नसतात, आतून पिवळसर असलेली ती काळी तुटक वर्तुळं असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात. पुढे त्याची चाल पाहा, पोट जमिनीला लावून तो किती खाली दबू शकतो ते पाहा. गुडघाभर गवतातही तो का दिसत नाही, हे मुलाला तिथे आपोआप कळतं. आणि त्याच्या डोळ्यांची उंची पाहायला विसरू नका. खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही, लहान जनावरासारखा दिसतो. तिन्हीसांजेला शिवारात एकट्याने खाली बसू नका, मुलांना पुढेमागे सोडू नका, बॅटरी आणि आवाज सोबत ठेवा, असं वनखात्याची माणसं पुन्हा पुन्हा सांगतात, त्याचं कारण हेच.

याला जोडूनच घरच्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. ऊसतोडीत फडात पिल्लं सापडली तर ती उचलून घरी आणू नयेत, फोटोसाठी हातात घेऊ नयेत. मादी जवळपासच असते. वनखात्याची माणसं पिल्लं तपासून खोक्यात घालतात आणि संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. बहुतेक वेळा मादी येऊन त्यांना घेऊन जाते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

आता जागा. नगरकरांना सगळ्यांत सोयीचं पडतं ते पुण्याच्या कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पर्वतीच्या पायथ्याशी १९५३ मध्ये सुरू झालेला पेशवे पार्क जुन्या पिढीला आठवत असेल. तिथले प्राणी पुढे कात्रजला हलवले गेले आणि १९९९ मध्ये सुमारे १३० एकरांवरचं हे नवं ठिकाण लोकांसाठी खुलं झालं. आत मोठं तळं आहे, झाडी आहे आणि बरेच प्राणी गजांऐवजी खंदकापलीकडे मोकळ्या जागेत दिसतात. वाघ, सिंह, बिबट्या, गवा, हत्ती सगळे आहेत. पायी फिरायला अंतर बरंच असल्याने आजी-आजोबा बरोबर असतील तर बॅटरीवरच्या गाडीची चौकशी दारातच करावी. नगरहून पहाटे निघालात तर दार उघडायच्या वेळेला पोचता येतं आणि तीच खरी वेळ. सकाळच्या गारव्यात प्राणी हिंडतात, दुपारी सावली धरून पडून राहतात. मे महिन्यातला रविवार टाळता आला तर जरूर टाळा.

कात्रजला गेल्यावर बहुतेक लोक वाघाकडे धावतात. माझा आग्रह आहे की शेतकरी कुटुंबाने आधी सर्पोद्यानात जावं आणि तिथे तासभर तरी द्यावा. हे सर्पोद्यान प्राणिसंग्रहालयाहून जुनं आहे, १९८६ पासूनचं. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. शेतात, गोठ्यात, विटांच्या ढिगात पाय पडतो तो बहुधा यांच्यापैकी कुणावर तरी, किंवा यांच्यासारख्या दिसणाऱ्या एखाद्या गरीब सापावर. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे ठसठशीत ठिपके असतात, ती कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते. अजगराचं पिल्लू किंवा डुरक्या घोणस पाहून लोक तिला घोणसच समजतात. मण्यार आणि कवड्या यांची गफलत तर नेहमीची. मण्यारीच्या काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे शेपटीकडे स्पष्ट आणि डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचं याच्या उलट असतं. काचेपाशी उभं राहून पाट्या वाचत हा फरक मुलांकडून बोलून घ्या. साप ओळखता येऊ लागला म्हणून तो हाताळायचा मात्र नाही. दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठायचा, हेही तिथेच, साप समोर असताना सांगावं. ते विसरलं जात नाही.

छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडच्या लोकांना जवळ पडतं आणि मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच आहे. वाघ आहेत, पण जागा लहान. वेरूळ-देवगिरी करताना तास-दीड तास मोकळा असेल तर जावं, त्यासाठी वेगळी सहल काढू नये.

मुंबईची राणीची बाग मात्र वेगळी काढून पाहावी अशी आहे. भायखळा स्टेशनवरून चालत जाता येतं. हे उद्यान १८६२ मध्ये खुलं झालं आणि आज त्याला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव आहे. लोक जातात ते पेंग्विनसाठी. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे. सगळे पेंग्विन बर्फातच राहतात हा समज इथे दुरुस्त करता येतो. पण मला विचाराल तर राणीच्या बागेचं खरं वैभव तिथली झाडं आहेत. ती मुळात वनस्पती उद्यान म्हणून लावली गेली. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, तिचं ते अवाढव्य खोड, शंभरीपार वृक्षांची गर्द सावली हे सगळं पाहायला थांबावं. लगतच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं तो हत्तीही तिथेच उभा आहे. हे दोन्ही धरून पूर्ण दिवस ठेवा.

राज्यातलं सर्वांत नवं मोठं ठिकाण नागपूरजवळचं गोरेवाडा. २६ जानेवारी २०२१ ला त्याच्या भारतीय सफारीचं उद्घाटन झालं. इथे माणसं बंद बसमध्ये आणि प्राणी मोकळे असा मामला आहे. वाघ, अस्वल, बिबट्या आणि तृणभक्षी प्राणी यांच्यासाठी स्वतंत्र, झुडपांनी भरलेली आवारं आहेत. कोपरगाव, शिर्डी, राहात्याकडच्या लोकांना समृद्धी महामार्गामुळे नागपूर एका दिवसाच्या टप्प्यात आलं आहे. झुडपातला बिबट्या कसा दिसतो, किंबहुना कसा दिसत नाही, हे समजून घ्यायला राज्यात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. शेजारीच बचाव केंद्र आहे, माणसाशी संघर्ष झालेले किंवा जखमी वाघ-बिबटे तिथे ठेवले जातात. ते पर्यटकांसाठी नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचंही तसंच, तिथे प्राणी दाखवण्यासाठी ठेवलेले नाहीत. दाराशी जाऊन हट्ट धरू नये.

यात्रेच्या वाटेवरची दोन ठिकाणं आपल्याकडचे भाविक नेमकी चुकवतात. दत्तभक्त गिरनारला जातात, दहा हजार पायऱ्या चढून येतात आणि पाय सुजले म्हणून दुसरा दिवस धर्मशाळेत काढतात. त्याच जुनागढ शहरात सक्करबाग आहे. १८६३ मध्ये नबाबाच्या काळात सुरू झालेलं हे देशातल्या सर्वांत जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी एक. गीरच्या सिंहांचं प्रजनन इथे पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे आणि देशातल्या अनेक ठिकाणचे सिंह इथूनच गेले. आशियाई सिंहाची आयाळ आफ्रिकी सिंहापेक्षा विरळ असते, कान उघडे दिसतात आणि पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते. एवढं पाहून ठेवलं की पुढे कुठेही सिंह पाहिला तर तो कुठला ते सांगता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अगदी थोडे उरलेले हे सिंह २०२५ च्या गणनेत ८९१ भरले. दुसरं ठिकाण तिरुपती. डोंगराच्या पायथ्याशी श्री वेंकटेश्वर प्राणी उद्यान आहे, क्षेत्रफळाने देशातल्या मोठ्यांपैकी. दर्शनाची वेळ संध्याकाळची मिळाली असेल तर सकाळ तिथे घालवावी.

दक्षिणेच्या सहलीत म्हैसूर असेलच. तिथलं चामराजेंद्र प्राणी उद्यान १८९२ मधलं, राजवाड्यापासून जवळ. वाडियार राजघराण्याने लावलेली बाग आणि तिची निगा आजही दिसते. जिराफ आहेत, आणि गोरिला पाहायचे तर इथेच. दार्जिलिंगला गेलात तर पद्मजा नायडू हिमालयीन प्राणी उद्यान वगळू नका. १९५८ मध्ये सुरू झालेलं, सात हजार फुटांच्या आसपास वसलेलं हे ठिकाण लाल पांडा आणि हिमबिबट्यासाठी ओळखलं जातं. त्या थंडीचेच प्राणी तिथे असल्यामुळे ते खुशीत दिसतात. इथे जन्मलेले लाल पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडण्याचं कामही झालं आहे. चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चालावं.

परदेशात एकच प्राणिसंग्रहालय पाहायचं असेल तर माझं उत्तर सिंगापूर. १९७३ पासून चालू असलेल्या या ठिकाणी गज जवळजवळ दिसतच नाहीत. पाणी, खंदक, झाडी यांनीच प्राणी अडवलेले असतात आणि ओरांगउटान डोक्यावरच्या फांद्यांतून जातात. गजांशिवाय प्राणी ठेवण्याची ही कल्पना जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये प्रत्यक्षात आणली होती. सिंगापूरने ती पावसाळी हवेला साजेशी करून घेतली. शेजारची नाइट सफारी १९९४ मधली, रात्रीच्या प्राण्यांसाठीच उभारलेली जगातली पहिली. बिबट्या, तरस, उदमांजर हे मुळात रात्रीचे प्राणी, ते दिवसा झोपाळू दिसतात याचा उलगडा इथे होतो. सहल कंपनी दोन्ही एकाच दिवशी कोंबत असेल तर त्यांना सांगून दिवस वेगळे करून घ्या. थकलेल्या मुलाला रात्रीच्या ट्राममध्ये झोपेशिवाय काही दिसत नाही.

थायलंडच्या सहलीबाबत सावध राहा. वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजा, वाघाला मिठी मारून फोटो काढा, असं जिथे सांगतात तिथे पैसे देऊ नका. कांचनाबुरीच्या वाघांच्या मंदिरातून २०१६ मध्ये सरकारने १३७ वाघ हलवले, तेव्हा तिथल्या शीतपेटीत ४० मेलेले बछडे सापडले. दिवसभर माणसांच्या मांडीवर बसणारा बछडा आईपासून तोडलेला असतो, एवढं मुलांना समजावून सांगितलं तर फोटोचा हट्ट तीच सोडतात. हत्तीवर बसण्याचंही तसंच. चियांग मायकडे हत्तींवर न बसता त्यांना पाहता येतं अशी एलिफंट नेचर पार्कसारखी ठिकाणं आहेत, ती निवडा.

दुबईत मुलगा-सून असतील तर हिवाळ्यात जा. दुबई सफारी पार्क उन्हाळ्याचे महिने बंद असतं. तिथून थोडं लांब अल ऐनचं प्राणिसंग्रहालय १९६८ पासूनचं, तिथे अरबी ओरिक्स पाहावा. हा पांढरा, लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी १९७२ मध्ये जंगलातून पूर्ण संपला होता. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले ओरिक्स १९८२ पासून ओमानच्या वाळवंटात सोडले गेले. कॅलिफोर्नियात मुलीकडे गेलात तर सॅन डिएगो. तिकडच्या कॉन्डोर गिधाडांची संख्या १९८७ मध्ये २७ वर आली, तेव्हा उरलेले सगळे पकडून सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवले गेले. आज ते ५०० हून अधिक आहेत. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ मधलं. तिथे २०१६ मध्ये गीरच्या सिंहांसाठी सासण गावाचा देखावा उभारून विभाग केला आहे. सक्करबाग आधी पाहिलं असेल तर तो पाहण्यात गंमत आहे, नसेल तर गीरचा सिंह पाहायला लंडनपर्यंत जायचं कारण नाही.

ठिकाण चांगलं की वाईट हे ओळखायला तिकिटाची किंमत किंवा प्राण्यांची संख्या उपयोगी नाही. प्राण्याकडे पाहा. तो एकाच रेषेत, त्याच वळणावर मान वळवत पुन्हा पुन्हा येरझारा घालत असेल तर त्याला कंटाळा आणि त्रास आहे. त्याला लपायला जागा हवी, चढायला ओंडका हवा, पाणी हवं, माणसांपासून दूर जायची सोय हवी. प्राणी कधी कधी दिसलाच नाही तर तिकीट फुकट गेलं असं म्हणू नये, त्याला लपता येतं ही चांगल्या जागेची खूण आहे. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून ही देखरेख करतं आणि त्याची मान्यता असेल तरच प्राणिसंग्रहालय चालवता येतं. प्राण्यांना खायला घालणं, डिवचणं, आरडाओरडा करून त्रास देणं, आत कचरा टाकणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शेंगदाणे फेकणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे अडवायला संकोच करू नका.

बाकी तयारी साधी. आपल्याकडची बहुतेक प्राणिसंग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, कात्रज आणि राणीची बाग बुधवारी. मध्ये सण किंवा सरकारी सुट्टी आली तर हा दिवस बदलू शकतो, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्या. शाळेची सहल असेल तर गुरुजींनी मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच प्राणी द्यावा आणि त्याच्यासमोर वीस मिनिटं बसवून चित्र काढायला लावावं. शंभर मुलांची रांग साऱ्या पिंजऱ्यांपुढून नेण्यापेक्षा यातून पुष्कळ हाती लागतं. पाण्याची बाटली, टोपी, दुर्बीण असल्यास दुर्बीण एवढं पुरे. शिदोरी आत नेऊ देतात का ते दारात विचारा. प्राण्यांना खाऊ घालणाऱ्या कर्मचाऱ्याशी दोन शब्द बोला. त्याच्याइतकं त्या प्राण्याबद्दल पाटीला माहीत नसतं.

आणि या सगळ्याआधी, आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जा. रायगडचं कर्जत नव्हे, आपलं दक्षिण नगरचं. देऊळगाव-रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० मधलं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. इथे पिंजरा नाही, खंदक नाही, माळ आहे आणि कळप आहेत. गडद काळ्या पाठीचा, पिळदार शिंगांचा नर, भोवती बदामी रंगाच्या बिनशिंगी माद्या, आणि नराने आपली हद्द सांगण्यासाठी लेंड्यांचे केलेले ढीग, हे सगळं सकाळच्या पहिल्या तास-दोन तासांत दिसतं. पावसाळा सरताना गवत हिरवं असतं, तेव्हाचा काळ उत्तम. गाडी रस्ता सोडून माळावर घालू नका, कळपाचा पाठलाग करू नका.

याच माळरानांवर एकेकाळी माळढोक दिसायचा. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्हे मिळून अभयारण्य झालं, तरीही तो आपल्याकडून जवळजवळ नाहीसा झाला. आता जैसलमेरच्या प्रजनन केंद्रांत त्याला वाचवण्याची धडपड चालू आहे, २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. रेहेकुरीचा काळवीट पाहायला अजून कुठल्या प्रजनन केंद्रात जावं लागत नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आधी तिथे जा, कात्रज आणि सिंगापूर त्यानंतर.